वाचकांचे प्रश्न : सक्रिय दीर्घिकांच्या झोतांचे तेज का बदलते?

प्रश्न : सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातून निघणारे झोत हजारो, काही ठिकाणी लाखो प्रकाशवर्षे लांब असतात असे वाचले. एवढ्या प्रचंड गोष्टीचे तेज एका रात्रीत, किंबहुना काही मिनिटांत कसे बदलते? लाखो वर्षे टिकणारा झोत आणि पाच मिनिटांचा भडका यांचा मेळ बसत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला जिथे अडखळल्यासारखे झाले, नेमके तिथेच खगोलशास्त्रज्ञही 1960 च्या दशकात अडखळले होते. म्हणून उत्तराची सुरुवात त्या अडचणीपासूनच करू.

समजा, एखादी वस्तू एक प्रकाशवर्ष रुंद आहे आणि ती सगळीच्या सगळी एकाच क्षणी दुप्पट तेजस्वी झाली. तरीही तिच्या जवळच्या कडेचा वाढीव प्रकाश आपल्यापर्यंत आधी येईल आणि पलीकडच्या कडेचा एक वर्षाने. आपल्याला दिसणारी वाढ वर्षभर हळूहळू होत राहील. याचा अर्थ असा की तेजात होणाऱ्या बदलाचा वेग हा त्या वस्तूच्या आकाराला घातलेली मर्यादा असतो. एका दिवसात बदल झाला, तर प्रकाश देणारा भाग एका प्रकाश-दिवसाहून, म्हणजे सुमारे 2,600 कोटी किलोमीटरांहून फार मोठा असू शकत नाही. हा नियम साधा आहे, पण दुर्बिणीतून ज्याचा ठिपक्यापलीकडे काहीच आकार दिसत नाही अशा वस्तूचे माप घ्यायला त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही.

तेव्हा रातोरात बदलणारे तेज संपूर्ण झोताचे नसते, हे उघड आहे. झोताचा लाखो प्रकाशवर्षांचा विस्तार रेडिओ दुर्बिणींना दिसतो आणि माणसाच्या आयुष्यात त्यात काहीही बदल जाणवत नाही. चंचल असतो तो मुळाजवळचा लहानसा भाग. कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर, त्याभोवती फिरत आत ओढल्या जाणाऱ्या वायूची तबकडी आणि त्या फिरण्यामुळे पीळ बसलेले चुंबकीय क्षेत्र यांच्या जोरावर विद्युतभारित कणांचा प्रवाह तबकडीच्या अक्षाच्या दिशेने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. तोच झोत, आणि केंद्रात असे खवळलेले कृष्णविवर असलेली दीर्घिका म्हणजे सक्रिय दीर्घिका. कन्या राशीतल्या एम 87 या दीर्घिकेचा झोत हेबर कर्टिस यांनी 1918 साली पाहिला आणि त्याचे वर्णन ‘एक चमत्कारिक सरळ किरण’ अशा आशयाचे केले. तिच्याच केंद्रातल्या कृष्णविवराच्या छायेचे चित्र 2019 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

एम 87 चा झोत आपल्या दृष्टिरेषेशी थोडा तिरका आहे. काही झोत मात्र जवळजवळ थेट आपल्याच दिशेने रोखलेले असतात. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात आणि तेजाच्या चंचलतेत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांतली एक, बीएल लॅसर्टी, 1929 मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांना सापडली तेव्हा तिची नोंद सरठ तारकासमूहातला एक रूपविकारी तारा अशी झाली, कारण तेज अनियमितपणे कमीजास्त होणारा ठिपका म्हणजे तारा असेच तेव्हा गृहीत धरले जाई. तिथून रेडिओ लहरीही येतात, हे 1968 मध्ये लक्षात आले. हा ‘तारा’ म्हणजे सुमारे 90 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेचे केंद्र आहे, हे त्यानंतर उलगडले. तिची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितके तेज कमी) सुमारे 13 पासून 17 च्या आसपासपर्यंत खालीवर होते. म्हणजे तेजात जवळजवळ चाळीसपट फरक पडतो.

झोत आपल्या दिशेने रोखलेला असला की एवढा फरक का पडावा? माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे, आणि ते कागदावर थोडे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. झोतातला एक गोळा प्रकाशाच्या 0.995 पट वेगाने सरळ आपल्याकडे येत आहे, असे धरा. त्याने आज एक प्रकाशझोका सोडला आणि 200 दिवसांनी दुसरा. तोवर पहिला झोका 200 प्रकाश-दिवस पुढे आलेला असेल, पण गोळाही त्याच्या मागोमाग 199 प्रकाश-दिवस आलेला असेल. दोघांमधले अंतर उरले फक्त एका प्रकाश-दिवसाचे. आपल्याकडे ते दोन झोके एका दिवसाच्या अंतराने पोहोचतील. जे 200 दिवस चालले, ते आपल्याला एका दिवसात घडलेले दिसेल! दीर्घिकेत सहा-सात महिने सावकाश चाललेली घटना आपल्याकडे रातोरात झालेला भडका ठरते, ती अशी. (अशाच गणितामुळे झोतातले काही गोळे आकाशात प्रकाशापेक्षाही वेगाने सरकल्यासारखे दिसतात. मार्टिन रीस यांनी 1966 मध्ये हे भाकीत केले होते आणि 1971 च्या सुमारास 3सी 279 सारख्या क्वासारांत, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांत, ते प्रत्यक्ष दिसले. वेगमर्यादा कोणीही मोडलेली नसते.)

वेळ आखडतो, तसेच तेजही वाढते. अशा वेगाने येणाऱ्या गोळ्याचा प्रकाश पुढच्या दिशेला एका अरुंद शंकूत एकवटतो, आणि शंकूच्या नेमके समोर असलेल्याला तो कित्येक हजार पट प्रखर दिसतो. याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. त्याच गोळ्याची दिशा आपल्या दृष्टिरेषेपासून फक्त 6 अंशांनी ढळली, तर त्याचे तेज जवळजवळ नऊ पटींनी घटते. मनगटाएवढ्या हालचालीने बॅटरीचा झोत डोळ्यांवर यावा किंवा डोळ्यांवरून निघून जावा, तसे हे आहे. बॅटरीत काहीच बदललेले नसते. झोत सरळ नळीसारखा नसून थोडा नागमोडी किंवा पिळलेला असेल आणि त्यातला तेजस्वी गोळा त्या पिळाच्या वळणांवरून पुढे सरकत असेल, तर तो आळीपाळीने आपल्याकडे रोख धरतो आणि दुसरीकडे वळतो. काही ब्लेझारांचे अनेक वर्षांत हळूहळू चढणारे आणि उतरणारे तेज समजावून घ्यायला ही कल्पना उपयोगी पडते. तिची खूणही ठरलेली आहे. निव्वळ दिशा बदलल्यामुळे फरक पडला असेल, तर रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंत सगळ्यांचे तेज साधारण एकाच वेळी वाढते किंवा घटते.

प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा तसे होत नाही. एखादा भडका गॅमा किरणांत आणि दृश्य प्रकाशात आधी दिसतो, आणि रेडिओ लहरींत काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. म्हणजे बॅटरीच्या आतही काहीतरी घडत असते.

तिथे काय घडते ते पाहण्यासाठी झोत मुळात प्रकाश कसा देतो, हे आधी सांगायला हवे. चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती गिरक्या घेत धावणारे इलेक्ट्रॉन प्रारण सोडतात. त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतचा बराचसा प्रकाश त्यातून येतो. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडका देऊन त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत उचलतात. इलेक्ट्रॉन जितका ऊर्जावान, तितक्या लवकर तो आपली ऊर्जा उधळून मोकळा होतो. क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन काही तासांत थंडावू शकतात, तर रेडिओ लहरी देणारे कितीतरी अधिक काळ टिकतात. म्हणून क्ष-किरणांचा आलेख दातेरी असतो आणि रेडिओचा लांबलचक टेकड्यांसारखा. रेडिओ भडका मागाहून येण्याचे आणखी एक कारण असे की मुळाजवळचा दाट प्रवाह रेडिओ लहरींना अपारदर्शक असतो. गोळा पुढे सरकून विरळ झाला की मगच त्या लहरी मोकळ्या होतात.

आता हे इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा तापतात कशाने? सर्वांत रुळलेले उत्तर आघात-लाटांचे आहे. कृष्णविवराकडून येणारा प्रवाह एकसारखा नसतो. कधी जास्त वेगाचा लोट निघतो, कधी कमी वेगाचा, आणि मागून आलेला वेगवान लोट पुढच्या मंद लोटाला गाठतो. घाटात एका अवजड ट्रकमागे गाड्या तुंबत जातात आणि मागून येणाऱ्यांना एकाएकी ब्रेक दाबावे लागतात, ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे. झोतात अशा ठिकाणी प्रवाह दाबला जातो, चुंबकीय क्षेत्र घट्ट होते आणि इलेक्ट्रॉनांना नव्याने वेग मिळतो. ॲलन मार्शर आणि वॉल्टर गिअर यांनी 1985 मध्ये 3सी 273 या क्वासारच्या एका भडक्यावर ही मांडणी तपशीलवार बसवून दाखवली. या विचाराला अलीकडे मिळालेला पुरावा मला विशेष मोलाचा वाटतो. क्ष-किरणांच्या कंपनांची दिशा मोजणारी आयएक्सपीई ही उपग्रह-दुर्बीण डिसेंबर 2021 मध्ये अवकाशात गेली. तिने 2022 च्या मार्चमध्ये मार्केरियन 501 या ब्लेझारकडे पाहिले, तेव्हा क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे कंपने एकाच दिशेला असण्याचे प्रमाण, दृश्य प्रकाशाच्या सुमारे दुप्पट भरले. इलेक्ट्रॉनांना आघाताच्या कडेवरच वेग मिळत असेल, तर असेच व्हायला हवे. ताजे, ऊर्जावान इलेक्ट्रॉन कडेजवळच्या शिस्तबद्ध चुंबकीय क्षेत्रात असतानाच क्ष-किरण देऊन मोकळे होतात. पुढे वाहत जाऊन थंडावलेले इलेक्ट्रॉन विस्कटलेल्या क्षेत्रात दृश्य प्रकाश देतात.

आघात मुळापासून दूरही होऊ शकतो. एम 87 च्या झोतात केंद्रापासून सुमारे 200 प्रकाशवर्षांवर दिसणारी एक गाठ 2000 नंतर उजळत गेली आणि 2005 मध्ये क्ष-किरणांत तिचे तेज आधीच्या पन्नास पटींहून अधिक झाले. त्या काळात ती दीर्घिकेच्या केंद्रापेक्षाही तेजस्वी होती. झोत तिथे आवळला जाऊन एक स्थिर आघात तयार झाला असावा, हे तिचे एक स्पष्टीकरण आहे.

राहिले आपले पाच मिनिटांचे भडके. ते खरे आहेत. नामिबियातल्या एच.ई.एस.एस. दुर्बिणींनी 28 जुलै 2006 च्या रात्री पीकेएस 2155-304 या ब्लेझारचे तेज सुमारे तीन-तीन मिनिटांत बदलताना पाहिले. जून 2015 मध्ये फर्मी उपग्रहाने 3सी 279 चे गॅमा तेज पाच मिनिटांच्या आत दुप्पट झालेले टिपले. पाच मिनिटांत प्रकाश नऊ कोटी किलोमीटर जातो. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटर दूर आहे. शंभर कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्याच सुमारे 300 कोटी किलोमीटर भरते आणि ती ओलांडायला प्रकाशाला पावणेतीन तास लागतात! काळ आखडण्याची वीस पटींची सवलत देऊनही हिशेब जुळत नाही. (वरच्या उदाहरणातले 200 दिवस वेगाने धावणाऱ्या गोळ्याच्या स्वतःच्या घड्याळात वीसच भरतात, आणि त्याचा आकार काढताना तेच घड्याळ धरावे लागते, म्हणून सवलत 200 नव्हे, वीस पटींची.) कृष्णविवराहून लहान जागा झोतात कुठून यावी, हा प्रश्न उरतोच. म्हणून सध्या असे मानण्याकडे कल आहे की झोतातच लहान-लहान खिसे तयार होतात. परस्परविरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा जवळ येऊन तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि त्या झटक्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते. सूर्यावरच्या सौरज्वालांच्या मागे हीच क्रिया असते. त्या झटक्याने झोतातच, झोतापेक्षा अधिक वेगाचे लहान झोत सुटतात आणि त्यांतला एखादा नेमका आपल्याकडे रोखलेला असेल, तर काही मिनिटांचा भडका दिसतो. ही मांडणी समाधानकारक आहे, पण आघात-लाटांइतकी पक्की झालेली नाही, हे सांगून ठेवतो.

प्रश्न : तारे वातावरणामुळे लुकलुकतात. ब्लेझारच्या तेजातले फरकही वाटेतल्या कशामुळे तरी पडत नसतील का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : काही फरक खरोखर वाटेतच पडतात, आणि ते वेगळे काढणे हे निरीक्षकाचे पहिले काम असते.

दृश्य प्रकाशाच्या बाबतीत ते असे करतात. ब्लेझार आणि त्याच्या आसपासचे दोन-तीन साधे, स्थिर तारे एकाच चित्रचौकटीत घेतात आणि दर काही मिनिटांनी एक, अशी रात्रभर चित्रे काढतात. हवा धूसर झाली, पातळ ढग आला, दुर्बीण क्षितिजाकडे झुकली, तरी ब्लेझार आणि शेजारचे तारे एकाच प्रमाणात मंदावतात. म्हणून ब्लेझारचे तेज स्वतंत्रपणे न मोजता शेजाऱ्यांच्या तुलनेत मोजतात. शिवाय ते तारे एकमेकांच्या तुलनेतही तपासतात. त्यांच्यातल्या फरकाची रेषा सपाट राहिली आणि ब्लेझारची रेषा चढली किंवा उतरली, तरच तो बदल ब्लेझारचा मानतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले गोपाल-कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैनितालच्या 104 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवर वर्षानुवर्षे अशी रात्र-रात्रभराची निरीक्षणे केली. एका रात्रीत एक-दोन टक्क्यांनी होणारा बदलही त्या पद्धतीत निसटत नाही. भारतीय खगोलशास्त्रातल्या या चिकाटीच्या कामाची आपल्याकडे पुरेशी वाखाणणी झाली नाही, असे मला वाटते.

रेडिओ लहरींचे दुखणे वेगळे आहे. आपल्या आकाशगंगेतला विरळ, विद्युतभारित वायू त्यांना थोडे इकडेतिकडे वळवतो आणि अतिशय लहान दिसणारा रेडिओ स्रोत त्यामुळे लुकलुकतो. पीकेएस 1257-326 या क्वासारचे तेज काही तासांत बदलताना दिसले, तेव्हा तो अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया अशा दोन ठिकाणांहून एकाच वेळी पाहण्यात आला. दोन्हीकडे चढउतार सारखेच होते, पण एकीकडचे दुसरीकडच्या काही मिनिटे मागे होते. क्वासारच स्वतः बदलत असता, तर मागेपुढे होण्याचे कारण नव्हते. शेतावरून ढगाची सावली सरकत जावी, तशी लुकलुकण्याची नक्षी पृथ्वीवरून सरकत गेली होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तिचा त्या वायूच्या तुलनेतला वेग बदलतो, म्हणून अशा लुकलुकण्याची गतीही वर्षभरात ठरावीक पद्धतीने बदलते. गॅमा आणि क्ष-किरणांवर या वायूचा असा परिणाम होत नाही. त्यांतले भडके झोतातलेच धरायला हरकत नाही.

प्रश्न : एखाद्या ब्लेझारचा भडका कधी उडेल, हे आधी सांगता येते का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुतेकांच्या बाबतीत नाही. आठवडाभराचे भाकीतही करता येत नाही. एका ब्लेझारने मात्र खगोलशास्त्रज्ञांना ही आशा दाखवली आहे.

कर्क राशीतला ओजे 287 सुमारे 350 कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या काचेच्या पट्ट्यांवर योगायोगाने उमटलेली आहेत. त्या पट्ट्या तपासल्यावर साधारण बारा वर्षांनी येणारे भडके दिसले, तेही बहुधा जोडीने. फिनलंडमधल्या माउरी वाल्टोनेन आणि सहकाऱ्यांनी त्याची अशी संगती लावली की सुमारे 1,800 कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या एका कृष्णविवराभोवती 15 कोटी सूर्यांचे दुसरे कृष्णविवर लांबट कक्षेत फिरते आणि प्रत्येक फेरीत दोनदा मोठ्याच्या तबकडीतून आरपार जाते. त्या धडकेने तापलेला वायू बाहेर येऊन तळपतो. म्हणजे हे मुख्य भडके थेट झोताचे मानले जात नाहीत.

लहान कृष्णविवराची कक्षा आइनस्टाइनच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक फेरीत वळत जाते, त्यामुळे धडकेच्या वेळा काटेकोरपणे काढाव्या लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लंकेश्वर डे आणि ए. गोपकुमार यांनी या गणितात मोठा वाटा उचलला. पुढचा भडका 31 जुलै 2019 रोजी येईल असे ठरले. पण जुलैअखेर ओजे 287 पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या तेजात हरवलेला असतो. सुदैवाने स्पिट्झर अवकाश-दुर्बीण तेव्हा पृथ्वीपासून सुमारे 25 कोटी किलोमीटर मागे होती आणि तिथून तो मोकळा दिसत होता. भडका आला, तोही सांगितलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत.

ती बातमी वाचली तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. पण गोष्ट तिथे संपलेली नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अपेक्षित धरलेला भडका निरीक्षणांत सापडला नाही, आणि स्टेफनी कोमोसा यांच्या गटाने मोठ्या कृष्णविवराचे वस्तुमान 1,800 कोटी नसून 10 कोटी सूर्यांच्या आसपास असावे, असा निष्कर्ष काढला. वस्तुमान इतके कमी असेल, तर सगळी कक्षा नव्याने मांडावी लागेल. दुसरे कृष्णविवर असण्याची शक्यता यामुळे बाद होत नाही, पण 2019 चे यश म्हणजे अंतिम निकाल, असे म्हणणे घाईचे ठरेल.

प्रश्न : माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. यांतले काही मला पाहता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जरूर. मार्च ते मेच्या काळोख्या रात्री कन्या राशीतल्या गॅमा ताऱ्याच्या वायव्येला सुमारे पाच अंशांवर 3सी 273 शोधावा. त्याची दृश्यप्रत सुमारे 12.9 आहे. तो साध्या मंद ताऱ्यासारखाच दिसेल, म्हणून भोवतालच्या ताऱ्यांचा नकाशा हाताशी असल्याशिवाय त्याची ओळख पटणार नाही. रूपविकारी ताऱ्यांच्या अमेरिकन निरीक्षक संघटनेकडे तुलनेच्या ताऱ्यांच्या दृश्यप्रती दिलेले असे नकाशे विनामूल्य मिळतात. त्याचे अंतर सुमारे 240 कोटी प्रकाशवर्षे असल्याचे मार्टिन श्मिट यांच्या 1963 मधल्या शोधामुळे कळले. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लिट यांनी हार्वर्डच्या जुन्या पट्ट्या चाळल्या आणि त्याचे तेज बदलत आल्याचे दाखवून दिले. त्यात होणारा बदल लहान असतो, एका दृष्टिक्षेपात कळणार नाही. मोठा बदल पाहायचा असेल, तर पावसाळा ओसरल्यावर सरठातल्या बीएल लॅसर्टीवर लक्ष ठेवावे. ती 13 च्या आसपास पोहोचली असेल, तर आपल्या दुर्बिणीत दिसेल. 15 हून मंद झाली असेल, तर त्या जागी काहीच दिसणार नाही. तीही नोंद तारीख, वेळ आणि दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याच्या दृश्यप्रतीसह लिहून ठेवावी.